गाणाऱ्या मुलांच्या पाठीशी उभे राहा



जयंती जवळ आली की आपल्या वस्तीत घराघरांतून गाणी ऐकू येतात. नववी-दहावीतली मुले सिनेमाच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवतात, पत्र्याच्या डब्यावर ठेका धरतात. आई म्हणते, "आधी अभ्यास कर." वडील म्हणतात, "गाण्याने पोट भरत नाही." दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पण मुलाला गप्प बसवणे हा त्यावर उपाय नव्हे.

बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोचवला तो जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. मोठेपणी मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत ते अक्षरे शिकले. १९४३ साली लिहिलेले त्यांचे पहिले गीत हे एका सिनेगीताचे विडंबन होते. उसन्या चालीने सुरुवात करण्यात कमीपणा नाही. मात्र तिथेच थांबू नये.

म्हणून मुलाला एक साधी वही द्या. बाबासाहेबांचे उपकार सांगणारी गाणी पुष्कळ आहेत. त्याने आपल्या डोळ्यांसमोरचे लिहावे: नाक्यावर कामाची वाट पाहणारा बाप, धुणीभांडी करून मुलीची फी भरणारी आई. आधी धृवपद पक्के करावे, मग अंतरे. गाणे वाचून दाखवल्यावर आजीला समजले, तर ते जमले असे समजावे.

तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो. कालपर्यंत काळी चारमध्ये गाणारा मुलगा आज अडखळतो. त्याला हसू नका आणि ओरडून गायला लावू नका. पट्टी खाली घ्यावी, रोज थोडाच वेळ गावे. आवाज वर्ष-दोन वर्षांत बसतो.

रेकॉर्डिंगला स्टुडिओच हवा असे नाही. घरातला फोन पुरे. पंखा बंद करावा, भिंतीला गोधडी टांगावी म्हणजे आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून दीड वीत दूर ठेवावा, ढोलकी मागे बसवावी. नाहीतर ठेका ऐकू येतो आणि शब्द बुडतात. दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून ऐकावे. कोणता शब्द कळला नाही, ते वहीत लिहावे आणि पुन्हा गावे.

मंचाची भीती मोडायला विहारासारखी जागा नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचन संपल्यावर मुलांना एकेक गाणे म्हणू द्या. माईक तोंडापासून चार बोटे दूर धरणे, झीलकऱ्यांकडे पाहून उचल घेणे, चुकले तरी न थांबणे हे तिथेच शिकता येते. जयंती मंडळांनाही विनंती आहे: मोठ्या पार्टीनंतर रात्री उशिरा, खुर्च्या रिकाम्या झाल्यावर मुलांना उभे करू नका. त्यांना पहिली वेळ द्या. म्हणजे मुलीही निर्धास्त गातील आणि घरचे त्यांना पाठवतील. मुलगा गातो ते कौतुक आणि मुलगी गाते ती काळजी, हा भेद आपल्या घरात तरी नको.

आता महत्त्वाची गोष्ट. पूर्वी कित्येक कवींनी आपली गाणी थोड्या पैशांत देऊन टाकली. गाणे गावोगाव वाजले, कवीचे घर मात्र गळतच राहिले. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या रॉयल्टीतला आपला हक्क गीतकार-संगीतकाराला कंपनीला लिहून देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलाच्या सहीचा करार टिकत नाही, म्हणून कागद तुमच्यापुढे येतो. तो जाणत्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. वहीत प्रत्येक गाण्याखाली तारीख आणि नाव लिहायला लावा. आपल्या कवींनी शेवटच्या कडव्यात नाव गुंफण्याची रीत ठेवली, तीही मुलांना शिकवा. आणि सिनेमाच्या चालीवरचे गाणे यूट्यूबवर टाकले, तर चालीची मालक कंपनी हक्क सांगते. गाणे काढले जाते किंवा त्याचे पैसे कंपनीकडे जातात. स्वतःच्या चालीला हे भय नाही.

अभ्यास सुटता कामा नये, हे मुलाला स्पष्ट सांगा. दहावीच्या वर्षी तालीम रविवारीच ठेवा. मात्र वही बंद करू नका. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले. आता आपले मूल स्वतः लिहीत आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!