खाडाखोड करू नये!

परवा बहिणीकडे गेलो होतो. भाची एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, फिजिक्स. जेवणं झाल्यावर बाईसाहेब जर्नल घेऊन बसल्या. कॅल्क्युलेटरवर चाललेली आकडेमोड बघितली आणि लक्षात आलं, गणित उलटं चाललंय. आधी उत्तर, मग त्यावरून रीडिंग्ज!

"अगं, हे काय?"

"मामा, बार पेंड्युलम. माझा जी ९.६३ आला. सर म्हणाले ९.८१ च्या जवळ आण, मगच सही."

हसू आलं. आम्हीही हेच करायचो. मग मात्र राग आला, कारण आम्हीही हेच करायचो.

जरा बघा. पुण्यात जी ९.७८ च्या आसपास आहे. ९.८१ हा साधारण युरोपातल्या अक्षांशांचा आकडा. विषुववृत्ताकडे सरकलं की जी कमी होतो, पुण्याची उंचीही थोडा कमी करते. म्हणजे पोरगी खरं रीडिंग खोडून परगावचा आकडा लिहीत होती!

आणि ९.६३ का आला? वीस हेलकाव्यांना बत्तीसेक सेकंद लागतात. शेवटी स्टॉपवॉचचं बटण पाव सेकंद उशिरा दाबलं गेलं, तरी जी दीड टक्क्याने घसरतो. ९.७८ चा ९.६३ होतो. झालं! प्रयोगातलं खरं फिजिक्स इथे होतं. ते कोणी विचारलंच नाही.

विचारलं काय जातं? आकृती पेन्सिलीनेच का? अनुक्रमणिका भरली का? कव्हर ब्राउन पेपरचं आहे ना? आणि सगळ्यात लाडका नियम: जर्नलमध्ये खाडाखोड नको. जिथे खाडाखोड होणारच, त्या एकमेव वहीत! अहो, मिलिकनने १९१३ साली इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराची मोजणी छापली तेव्हा ५८ थेंबांची आकडेवारी दिली आणि हे निवडक नाहीत असं लिहिलं. प्रत्यक्षात त्याने त्याहून बरेच जास्त थेंब मोजले होते. हे आपल्याला कशामुळे कळलं? त्याच्या मूळ वह्या राहिल्या म्हणून. फेअर जर्नल तेवढं उरलं असतं तर आपण आजही मान डोलावत बसलो असतो.

"एवढ्या मुलांना एकच सर, वेळ कुठाय?" हे मान्य. पण मग सेमिस्टरला दहाऐवजी पाच प्रयोग ठेवा ना! नियमही चारच पुरेत. रीडिंग थेट वहीत, पेनने, तारीख घालून. चुकलं तर एकच रेघ मारा, खालचा आकडा दिसला पाहिजे. उत्तरापुढे किती चूक संभवते ते लिहा. आणि मार्क उत्तराला नकोत, ते तसं का आलं या स्पष्टीकरणाला द्या.

कोणी म्हणेल, एका प्रॅक्टिकलचं काय एवढं? पण हीच मुलं उद्या रक्ताचे रिपोर्ट देणार आहेत, पुलाचं काँक्रीट तपासणार आहेत. "अपेक्षित आकडा काय?" हे आधी विचारून मग मोजायची सवय आपणच त्यांना लावतो, वर सही-शिक्क्यानिशी सर्टिफाइड करतो.

भाचीला म्हटलं, ९.६३ च ठेव, खाली कारण लिही. ती म्हणाली, "आणि सही तू देणार का मामा?"

गप्प बसलो. उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते द्यायचंय सही करणाऱ्यांनी.