डायलिसिसचे पाणी आणि अब्बांचा बीपी

मुळशी तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. तिच्या अब्बांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी पुण्याला न्यावे लागते. मशीनवर तिसरा तास सुरू झाला की त्यांचा बीपी ९० च्या खाली येतो, घाम सुटतो, पोटऱ्यांत गोळे येतात. मधल्या सुट्टीच्या दिवशी घरी मोजला तर तोच बीपी १७० च्या वर. "एकाच माणसाला लो आणि हाय दोन्ही कसे?" असे तिने विचारले आहे. डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलेल्या बहुतेक घरांचा हा प्रश्न असतो. म्हणून यावेळचे सदर त्यालाच देत आहे.

निकामी झालेली किडनी लघवी करत नाही. मग प्यालेले पाणी आणि खाल्लेले मीठ दोन डायलिसिसच्या मध्ये अंगातच साठते, रक्ताचे आकारमान वाढते आणि बीपी चढतो. हे झाले घरचे १७०. मशीनवर तेच पाणी चार तासांत काढायचे असते. मशीन पाणी काढते ते फक्त रक्तातून. मांस, त्वचा, पाय यांत मुरलेले पाणी हळूहळू झिरपून रक्तात येते आणि जागा भरते. उन्हाळ्यात विहिरीवर पंप लावला की काय होते ते मुळशीकरांना सांगायला नको. झऱ्यांच्या वेगापेक्षा उपसा जास्त झाला की तळ दिसतो. तिसऱ्या तासाला अब्बांच्या रक्तवाहिन्यांचा तळ दिसतो, एवढाच अर्थ.

हा उपसा किती असावा? वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण १३ मिलीलिटरच्या आत, असे किडनीचे डॉक्टर धरून चालतात. पन्नास किलोच्या माणसाचे चार तासांत अडीच लिटरच्या आसपास पाणी निघते. तो चार किलो वाढवून आला तर मशीनला तासाला एक लिटर ओढावे लागेल, आणि बीपी पडणारच. अशा वेळी तासभर जास्त बसवणे किंवा एक जादा पाळी लावणे हा खरा उपाय. गर्दीच्या केंद्रात तो नेहमी मिळत नाही, हेही खरे.

आता मशीनमधल्या पाण्याकडे वळू. त्याला डायलायझेट म्हणतात. मिनिटाला ५०० मिलीलिटर, म्हणजे चार तासांत १२० लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहत जाते. मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. शुद्ध केलेल्या पाण्यात दोन कॅनमधली द्रावणे मिसळून मशीन ते तयार करते, आणि त्यात सोडियम किती, कॅल्शियम किती, ते किती गरम, हे ठरवता येते. बीपीचा बराचसा खेळ इथे आहे. पूर्वी या पाण्यात अ‍ॅसिटेट वापरत. त्याने रक्तवाहिन्या सैलावत आणि बीपी पडे. आता बायकार्बोनेट वापरतात, तो एक त्रास गेला.

सोडियमचे गणित घरच्यांनी नीट समजून घ्यावे. मशीनवर ते बहुतेक १३५ ते १४० च्या दरम्यान ठेवलेले असते. समजा अब्बांच्या रक्तात सोडियम १३५ आहे आणि मशीनचे पाणी १४० वर. मग पाणी अंगातून निघत असताना मीठ मात्र उलट रक्तात शिरते. मीठ रक्तात राहिले की ते आजूबाजूचे पाणी ओढून घेते, बीपी टिकतो, गोळे येत नाहीत. बीपी पडायला लागला की सोडियम वाढवतात ते यासाठी. सुरुवातीला जास्त ठेवून शेवटी उतरवत नेण्याचीही पद्धत आहे. त्या दिवशी सगळे खूश. पण रुग्ण घरी जातो तो जास्तीचे मीठ अंगात घेऊन. संध्याकाळी घसा कोरडा पडतो, तो पाणी मागतो, आपण रागावतो, तो चोरून पितो. पुढच्या पाळीला वजन आणखी वाढलेले, उपसा आणखी जोरात, बीपी पुन्हा खाली, सोडियम पुन्हा वर. माझ्या मते या चक्रात रुग्णाला दोष देण्याआधी मशीनवरचा आकडा पाहावा. सोडियम फार खाली आणले तर गोळे येतात आणि बीपी पडतो, म्हणून रुग्णाच्या रक्तातला आकडा पाहूनच डॉक्टर ते ठरवतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पाणी ३७ अंशांवर असले की डायलिसिस चालू असताना अंग तापते, त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि बीपी घसरतो. तेच पाणी ३६ किंवा ३५.५ वर आणले तर वाहिन्या आवळलेल्या राहतात. ज्यांचा बीपी वारंवार पडतो त्यांच्यासाठी हा सोपा उपाय आहे आणि त्याला जादा खर्च नाही. थंडी वाजते, शाल न्यावी. मात्र सरसकट सगळ्यांना गार पाण्यावर ठेवून मोठा फायदा होतो असे नाही. कॅनडात ८४ केंद्रांतल्या १५ हजारांहून अधिक रुग्णांवर हे तपासले गेले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला तो असा की हृदयविकाराने होणारे मृत्यू किंवा दवाखान्यात भरती होणे त्याने कमी झाले नाही, थंडीची तक्रार मात्र वाढली.

कॅल्शियम थोडे जास्त असले तर हृदय जोराने आकुंचन पावते आणि बीपी टिकतो, पण वर्षानुवर्षे जास्त ठेवले तर ते रक्तवाहिन्यांत साचू शकते. तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

मधल्या दिवशी बीपी १७० असेल तर गोळी वाढवण्याआधी 'ड्राय वेट' बरोबर आहे का, हे विचारा. पाणी काढून झाल्यावर जे वजन राहायला हवे ते ड्राय वेट. अब्बांची भूक मेली आणि अंगावरचे मांस झडले तर खरे वजन कमी झालेले असते. कागदावर जुनाच आकडा राहिला की तेवढे पाणी अंगातच राहते. बीपीची सकाळची गोळी डायलिसिसच्या दिवशी आधी घ्यायची की नंतर, हेही विचारून घ्या.

उरले आपले स्वयंपाकघर. साधारण आठ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड चमचा, एक लिटर पाणी धरून ठेवते. मीठ तसेच ठेवून "पाणी कमी प्या" म्हणणे म्हणजे जुलूमच. पापड, लोणचे, सुकट, खारी, तयार मसाल्याची पाकिटे बाजूला ठेवा. सैंधवही मीठच आहे. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, ते डायलिसिसवरच्या माणसाला अजिबात देऊ नये, हृदय बंद पडू शकते. रमजानमध्ये जपावे लागते ते इफ्तारला. दिवसभराची तहान, मग एकदम लिटरभर सरबत, वर खारट भजी, शिवाय खजुरात पोटॅशियम. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, आणि अब्बांनी हट्ट धरला तर आधी डॉक्टरांशी बोलणे भाग आहे.

डायलिसिसला पैसे पडतात म्हणून पाळी चुकवू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. पावसाळ्यात ताम्हिणीकडून येणाऱ्यांनी अडकण्याची भीती धरून आदल्या दिवशी नातेवाइकांकडे पुण्यात मुक्काम करावा. एक पाळी बुडाली की पुढची दुप्पट उपशाची होते.

या भगिनीने पुढच्या पाळीला वहीत चार आकडे लिहून घ्यावेत : आल्यावरचे वजन, मशीनवरचे सोडियम, पाण्याचे तापमान आणि तासाला किती पाणी काढले. शेजारी दर तासाचा बीपी. सहा पाळ्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवली की त्यांना बदल करायला आधार मिळतो. पाळी संपल्यावर अब्बांना लगेच उभे करू नका. आधी पाय खाली सोडून दहा मिनिटे बसवा, उभे करून एकदा बीपी बघा. पौडपर्यंत तीसेक किलोमीटर जायचे आहे, तेव्हा मोटारसायकलवर मागे बसवून तर नेऊच नका.