घसारा कोणाच्या माथी?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांना समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ मध्ये दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे सेवेत राहिले. पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली आणि अखेरच्या उड्डाणाची छायाचित्रे देशभर झळकली. १९७१ च्या युद्धातील या विमानाची कामगिरी कोणी नाकारणार नाही. नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात ज्या कामगारांनी ते घडविले, त्यांचा अभिमानही रास्तच आहे.

प्रश्न आहे तो या गहिवराआड काय लपते हा. जुन्या लढाऊ विमानांचे वेड जगभर आहे. हौशी छायाचित्रकार तळाच्या कुंपणाशी तासन्‌तास उभे राहतात, विमानाच्या अंगावरील क्रमांक वहीत टिपतात. जग्वार हे विमान फ्रान्सने २००५ मध्ये व ब्रिटनने २००७ मध्ये निवृत्त केले. आता ते केवळ भारतातच उडते. म्हणून छायाचित्रकाराला ते दुर्मिळ वाटते. पण ही दुर्मिळता म्हणजे इतरांनी मोडीत काढलेल्या यंत्रावर आपण अजून माणसे बसवतो, एवढेच नव्हे काय? एकट्या २०२५ मध्ये मार्च, एप्रिल व जुलै अशा तीन महिन्यांत तीन जग्वार कोसळली आणि तीन वैमानिक प्राणांस मुकले.

अर्थशास्त्रात घसारा नावाची साधी कल्पना आहे. यंत्र झिजते, म्हणून नव्या यंत्रासाठी दरवर्षी तरतूद करावी लागते. ती टाळली तर खर्च वाचत नाही. तो दुसऱ्याच्या माथी जातो. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलेली माहिती अशी की, ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली. १७१ वैमानिक व ३९ नागरिक मरण पावले. ८ मे २०२३ रोजी राजस्थानातील हनुमानगड जिल्ह्यात मिग-२१ एका घरावर कोसळले व तीन स्त्रिया मारल्या गेल्या. त्या तिघींनी हा घसारा भरला.

सर्वच अपघात विमानाच्या वयामुळे झाले नाहीत, असे सांगितले जाते. ते खरे आहे. पण त्याने राज्यकर्त्यांची सुटका होत नाही. प्रगत प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली. हॉक विमान दाखल झाले २००८ मध्ये. तेजसचा प्रकल्प १९८३ चा. त्याच्या सुधारित आवृत्तीची ८३ विमाने २०२१ मध्ये मागविली गेली; मिग-२१ निवृत्त झाले त्या दिवसापर्यंत त्यांतले एकही हवाई दलाच्या हाती पडले नव्हते. देश गरीब आहे म्हणून हे घडले नाही. विलंबाची किंमत निर्णय घेणाऱ्यांना मोजावी लागत नाही, म्हणून घडले.

२००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले. दोष वैमानिकाचा, या ठपक्याविरुद्ध त्यांच्या आईला, कविता गाडगीळ यांना, जाहीरपणे झगडावे लागले. अपघातांचे चौकशी अहवाल जनतेपुढे येत नाहीत. विमानागणिक नोंदी ठेवल्या त्या हौशी अभ्यासकांनी! म्हणून रोष कॅमेरा धरणाऱ्यावर नको. जे त्याच्या वहीत आहे ते संसदेच्या पटलावर का नाही, हे विचारले पाहिजे. प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर करा, जग्वारच्या निवृत्तीची तारीख सांगा आणि ती पाळली न गेल्यास जबाबदार कोण, हेही आजच सांगा. नाहीतर उद्या जग्वारलाही फवाऱ्यांची सलामी मिळेल आणि हिशेब पुन्हा तसाच राहील.