पट्टीपेक्षा लहान पापलेट

तुमच्या कंपासपेटीतील पट्टी जरा बाहेर काढा. ती १५ सेंटीमीटर लांब असते. तिच्यावरील साडेतेरा सेंटीमीटरची खूण पाहा. महाराष्ट्राच्या समुद्रात यापेक्षा लहान पापलेट पकडणे कायद्याच्या विरुद्ध आहे. २०२३ साली पापलेट हा आपला राज्यमासा ठरला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींसाठी अशी कमीत कमी लांबी ठरवून दिली.

असा नियम का करावा लागला? पापलेटची मोठी मादी हजारो अंडी घालते. पण पिल्लूच जाळ्यात सापडले, तर अंडी घालणार कोण? म्हणूनच जून-जुलैच्या पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतात. पुष्कळ मासे याच दिवसांत अंडी घालतात.

आता तुम्ही म्हणाल, "मग कोळ्यांनी पिल्ले पकडूच नयेत!" हे बोलणे सोपे आहे. आपल्या किनाऱ्यावर डोल नावाचे जाळे वापरतात. ते पाण्याच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून बांधतात. त्याचे शेवटचे टोक फार बारीक विणीचे असते. बोंबील आणि जवळा यांच्याबरोबर पापलेटची पिल्लेही त्यात शिरतात. जाळे वर ओढेपर्यंत बहुतेक पिल्ले मरतात. मेलेले पिल्लू परत पाण्यात टाकून काय उपयोग? खरा उपाय म्हणजे जाळ्याचे डोळे मोठे करणे. पण मग जवळा निसटतो आणि त्या दिवसाची कमाई बुडते. कोळी असो की रत्नागिरीचा दालदी मुसलमान, घर तर दोघांनाही चालवायचे असते. मला वाटते, नव्या जाळ्याच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे.

आणि आपण? बाजारात लहान पापलेटचा वाटा स्वस्त मिळतो, म्हणून आपण तो घेतो. गिऱ्हाईक आहे, म्हणून माल येतो. "गरिबाने मग काय खावे?" असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. मांदेली खावी, जवळा खावा. हे जीव पूर्ण वाढले तरी लहानच राहतात आणि स्वस्तही असतात. (तव्यावर कुरकुरीत भाजलेली मांदेली मला तर पापलेटहून अधिक आवडते!)

पुढच्या वेळी अम्मीबरोबर किंवा अब्बांबरोबर मासळीबाजारात जाल, तेव्हा ही पट्टी खिशात ठेवा. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचे, हे विसरू नका. मासेवाली मावशी हसेल, हसू द्या.