अनुदानाइतकीच जागाही महत्त्वाची

सांस्कृतिक संस्थांबाबत शासनाचे कर्तव्य कोणते, असे विचारले असता प्रशासनाकडून बहुधा अनुदानाचा आकडा सांगितला जातो. कोचीचा अनुभव पाहता हे उत्तर अपुरे वाटते.

कोची-मुझिरिस बिएनाले हे समकालीन कलेचे द्वैवार्षिक प्रदर्शन १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झाले. त्याचे संस्थापक बोस कृष्णम्माचारी व रियास कोमू हे दोघेही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. केरळ शासनाने अर्थसाहाय्य दिले, मात्र प्रदर्शनाची सूत्रे स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे राहिली. ही विभागणी योग्यच होती. कोणती कलाकृती मांडावी, हे सचिवालयाने ठरवायचे नसते. फोर्ट कोचीतील अॅस्पिनवॉल हाऊस, पेपर हाऊस अशा जुन्या व्यापारी वास्तू कलादालने झाल्या आणि एरवी अशा दालनाची पायरी न चढणारा सामान्य नागरिकही तेथे आला.

२०२२ मध्ये मात्र या व्यवस्थेतील दुबळा दुवा उघड झाला. महामारीमुळे लांबलेल्या पाचव्या पर्वाचा उद्घाटन समारंभ १२ डिसेंबरला पार पडला, परंतु मुख्य दालने २३ डिसेंबरला उघडली. आयोजकांनी दिलेल्या कारणांत पाऊस आणि कलाकृती पोचण्यातील दिरंगाई होती, तसेच मुख्य जागा उशिरा ताब्यात मिळाल्याचेही कारण होते. सहभागी कलावंतांनी जाहीर पत्राद्वारे नाराजी व्यक्त केली.

पाऊस कोणाच्या हाती नसतो; जागेचा करार मात्र प्रशासनाच्या आवाक्यातला विषय आहे. समुद्राकाठच्या दमट हवेत बंद पडलेली वास्तू महिनाभरात प्रदर्शनायोग्य होत नाही. छप्पर, वीज, ओल यांची कामे वेळ घेतात. शिवाय उपक्रम दोन वर्षांचा आणि अर्थसंकल्प एका वर्षाचा, हा मूलभूत विसंवाद आहेच.

यावर उपाय अवघड नाहीत. जागेचा करार किमान तीन पर्वांसाठी व्हावा. अनुदान दोन वर्षांसाठी मंजूर करून कामाच्या टप्प्यांनुसार द्यावे. मधल्या काळातील देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद असावी. त्या बदल्यात प्रतिष्ठानाने लेखापरीक्षित हिशेब आणि कलावंत व कामगारांची देणी यांचा तपशील प्रसिद्ध करावा. स्वायत्तता म्हणजे हिशेबातून सूट नव्हे.

समारंभाची तारीख पाळणे प्रशासनाला चांगले जमते. दालनाची किल्ली वेळेवर देणे हेही त्याच निष्ठेने जमले पाहिजे.