घोयऱ्याचा मिटलेला डोळा

गेल्या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची दोन पत्रे आली, आणि तीही दोन खंडांतून. असा योग आमच्या या सदराच्या वाट्यास क्वचितच येतो. पहिले पत्र येथल्याच, म्हणजे सोलापुरातील, एका भगिनीचे आहे. त्यांच्या पुतण्याने नान्नजकडच्या माळावरून एक हिरवा घोयरा दया येऊन घरी आणिला. रस्त्यावर पोरे त्यास दगड मारीत होती. दोन दिवसांपासून त्याने उजवा डोळा मिटून घेतला आहे, तो भर दुपारीही उघडीत नाही. सासूबाई म्हणतात, गुलाबपाणी घाला. धाकटे दीर म्हणतात, आपल्या घरात डोळ्यांचे थेंब पडले आहेत, तेच घालू. दुसरे पत्र एका मातोश्रींचे आहे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत असतात. त्यांनी तेथे येमेनकडील जातीचा, डोक्यावर उंच शिखा असलेला शॅमेलिऑन पाळिला आहे. त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले आहेत, आणि मातोश्री येथून काही औषध धाडण्याच्या विचारात आहेत.

दोघींसही आमचे पहिले सांगणे एकच आहे. तूर्त त्या डोळ्यात काहीही घालू नये. असे का, ते सांगण्यापूर्वी हा प्राणी कोण व त्याचा डोळा कसा असतो, हे सांगणे प्राप्त आहे.

अंगणातील कुंपणावर मान हालवीत बसणारा आणि श्रावणात गळा लाल करणारा तो आपला नेहमीचा सरडा. घोयरा तो नव्हे. घोयरा शेपटीसह फूटभर लांबीचा, दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखा, पायांचे चिमटे करून फांदी धरणारा आणि प्रत्येक पाऊल टाकण्यापूर्वी मागेपुढे झोके घेणारा प्राणी आहे. बोरी-बाभळीच्या रानात तो असतो. हिंदुस्थानात शॅमेलिऑनची ही एकच जात आढळते. अमरकोशात सरट आणि कृकलास हे शब्द एकत्र दिलेले आहेत. दान दिलेली गाय चुकून पुन्हा दान दिल्यामुळे कृकलास होऊन कोरड्या विहिरीत पडलेल्या नृगराजाची भागवतातील कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्या कथेत श्रीकृष्ण येण्यापूर्वी त्यास दोरांनी बाहेर ओढण्याची खटपट यादवांच्या मुलांनी केली होती, एवढे मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. मुलांना या प्राण्याची दया येते, ही गोष्ट फार जुनी आहे. मोठी माणसे मात्र त्यास विषारी समजतात. त्यास विष नाही.

आता डोळा. घोयऱ्याच्या पापण्या एकमेकींस जुळून त्यांचा एक शंकू झालेला असतो, व त्याच्या टोकास बाहुलीपुरते छिद्र असते. हा शंकू बुरुजावरील तोफेप्रमाणे कोठेही वळतो, आणि उजवा डोळा पुढे पाहत असता डावा मागे पाहू शकतो. भक्ष्य दिसले म्हणजे दोन्ही डोळे त्यावर रोखले जातात आणि मग अंगाहूनही लांब अशी जीभ सुटते. परंतु नाकतोडा किती अंतरावर आहे, हे तो मुख्यत्वे दोन डोळ्यांच्या मेळाने ठरवीत नाही. छायाचित्रकार भिंग मागेपुढे करून चित्र स्पष्ट करितो, तसे एकेका डोळ्यानेच तो अंतर मोजतो. 1977 साली या विषयाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात या प्राण्यांच्या डोळ्यांपुढे चष्म्याची भिंगे बसविली होती, आणि त्यांचा नेम भिंगाच्या मानाने चुकला! पुढे 1995 साली असेही आढळले की, इतर प्राण्यांच्या डोळ्यातील भिंग किरण एकत्र आणिते, तर याच्या डोळ्यातील भिंग ते फाकविते. त्यायोगे पडद्यावर पडणारे चित्र मोठे होते. तात्पर्य, या जीवाचे हात व नाक म्हणा, सर्व काही डोळ्यांतच आहे. डोळा गेला की अन्न गेले. एक डोळा शाबूत असेल तर मात्र अंतर मोजण्याची सोय राहते, आणि उपचारास अवधी मिळतो.

हे सर्व आम्हास पुस्तकांतून कळले ते फार उशिरा. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे मुलांनी बुटांच्या खोक्यातून एक घोयरा आणिला. आम्ही तो काचेच्या मोठ्या बरणीत ठेविला, आत एक फांदी व पाण्याची वाटी ठेविली, आणि तीन वर्गांस दाखविला. तिसऱ्या दिवशी त्याचा डावा डोळा मिटला. एका मुलाने विचारले, ‘‘सर, याला काय झाले?’’ आम्ही उत्तर दिले, ‘‘झोपला आहे.’’ दुसऱ्या दिवशी आम्ही कोमट पाण्यात बोरिक पावडर विरघळवून कापसाच्या बोळ्याने डोळा पुसला. शंकू आत ओढला गेला, तो पुन्हा वर आलाच नाही. पाचव्या दिवशी दोन्ही डोळे मिटले. मध्ये रविवार आला. सोमवारी बरणीत जे होते ते करड्या रंगाचे व ताठ होते, आणि शेजारी पाण्याची वाटी भरलेली होती.

घोयरा वाटीतील पाणी सहसा पीत नाही. साचलेले पाणी हे पाणी आहे, हे त्यास बहुधा उमगतच नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो जिभेने टिपतो. तेव्हा आमच्या बरणीत तो भरल्या वाटीशेजारी तहानेने गेला, आणि आम्ही डोळ्याचे औषध करीत बसलो होतो. त्याच मुलाने सोमवारी पुन्हा विचारले, ‘‘सर, परवा तो झोपलाच होता ना?’’ आम्ही त्यास काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

म्हणून लक्षणांची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो. घोयरा रात्री झोपतो. तेव्हा रंग फिका पडतो व दोन्ही डोळे मिटलेले असतात. दिवसा तो झोपत नाही. दिवसाउजेडी डोळा मिटून बसलेला घोयरा आजारी समजावा. याला अपवाद एकच. कधीकधी तो डोळ्याचा शंकू फुग्यासारखा फुगवितो, आतल्या आत गरगर फिरवितो, फांदीवर घासतो आणि क्षणभर मिटतो. हे डोळे धुणे आहे. पाहणाऱ्याची छाती दडपते, पण थोड्या वेळाने डोळा स्वच्छ होऊन पूर्ववत फिरू लागतो. तो फिरू लागला नाही, किंवा हीच क्रिया दिवसभर चालू राहिली, तर आत काहीतरी खुपत आहे.

शंकू खोल गेला असेल तर प्रथम तहान समजावी. हाताळल्यावर घाबरून तो क्षणभर डोळा आत ओढतो, ते निराळे. स्वस्थ बसला असताही डोळे खोबणीत बसलेले राहिले, कातडी सैल पडली आणि विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग पिवळा वा केशरी झाला, म्हणजे अंगातले पाणी आटले आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिसाच्या वर असता, बंद खोलीतील घोयऱ्याची ही अवस्था व्हावयास वेळ लागत नाही. एकच डोळा बिघडला असेल तर कारण बहुधा त्या डोळ्यापुरते असते. काटा, धूळ, कात टाकताना शंकूवर अडकून राहिलेली कातडी, किंवा जेवण म्हणून सोडलेल्या व न खाल्ल्या गेलेल्या रातकिड्याने रात्री घेतलेला चावा, ही नेहमीची कारणे होत. दोन्ही डोळे सुजले तर कारण सबंध शरीरात, म्हणजे अन्नात, पाण्यात वा उजेडात शोधावे. हा नियम काही त्रिकालाबाधित नव्हे. दोहोंची सुरुवातही पुष्कळदा एकापासूनच होते.

सूज आणि पू यांविषयी एक गोष्ट घरच्या माणसांस ठाऊक नसते. आपला पू पातळ असतो व वाहून जातो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू घट्ट, नासलेल्या दुधाच्या गोळ्यासारखा होतो, आणि पापणीआड साचून राहतो. त्यावर कितीही थेंब घातले तरी ते वरच्यावर राहतात. तो गोळा वैद्यानेच हलक्या हाताने काढावा लागतो. डोळ्याखालच्या हिरड्यांकडेही पाहावे, कारण तोंडात पू झाला तर तो वर डोळ्यापर्यंत पोहोचतो. अशा वेळी डोळ्यावर उपचार करणे म्हणजे धूर विझविणे होय.

अमेरिकेतील चिरंजीवांच्या प्राण्याविषयी आमचा तर्क असा. पिंजऱ्यातील शॅमेलिऑनास बहुधा एकाच प्रकारचे, विकत मिळणारे कीटक मिळतात. त्यांत अ जीवनसत्त्व फार थोडे असते. त्याच्या अभावी डोळ्याभोवतालच्या ग्रंथींचे व नलिकांचे नाजूक अस्तर जाड व कोरडे होते, त्या तुंबतात, पापण्या सुजतात आणि मग जंतूंचे फावते. दुसरे कारण दिव्याचे. या प्राण्यांस हाडांच्या पोषणासाठी अतिनील किरणांचा दिवा लावावा लागतो; तो फार प्रखर असला किंवा फार जवळ टांगला तर डोळे भाजल्यासारखे होतात. दिवा अलीकडे बदलला आहे काय, हे मातोश्रींनी चिरंजीवांस आवर्जून विचारावे. नवा दिवा आणि लगेच दोन्ही डोळे बंद, असे घडले असेल तर निम्मे निदान तेथेच झाले.

अ जीवनसत्त्व कमी म्हणून घरातील माशाच्या तेलाची गोळी फोडून पाजण्याचा मोह होतो. तो आवरावा. हे जीवनसत्त्व मुख्यत्वे यकृतात साठते, जास्त झालेले सहज बाहेर जात नाही. अतिरेकाने कातडी सोलवटते आणि ड जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा येतो. वजन करून, मापून देण्याची ही वस्तू आहे, आणि या प्राण्याचे वजन काय ते आपल्या घरातील तराजूस समजणारही नाही.

आता धाकट्या दिरांच्या थेंबांकडे वळू. माणसांच्या कित्येक थेंबांत स्टेरॉइड असते. लाली उतरते, रोगी खूष होतो. परंतु बुबुळावर काट्याची जखम असेल तर तीच जखम त्या औषधाने चिघळते आणि डोळा कायमचा जातो. जखम आहे की नाही, हे पशुवैद्य डोळ्यात रंग घालून पाहतात. नुसत्या नजरेने ते आपल्याला कळत नाही. गुलाबपाणी, मध, तुरटीचे पाणी, सुरमा, बाळंतिणीचे दूध यांपैकी कशाचीही आम्ही शिफारस करीत नाही. सासूबाईंविषयी पूर्ण आदर राखून हे लिहीत आहो. त्यांच्या गुलाबपाण्याने पाहुण्यांच्या श्रीखंडास गोडी यावी, घोयऱ्याच्या डोळ्यास नव्हे.

मग घरात करावे तरी काय? पाणी द्यावे. प्राण्यास सावलीत, वारा खेळत्या जागी, पानांच्या फांदीवर बसवावे आणि त्या पानांवर कोमट स्वच्छ पाण्याचे बारीक तुषार पाच-दहा मिनिटे पडू द्यावेत. कपड्यांवर पाणी मारावयाची फवारणीची बाटली त्यास पुरते, मात्र ती साबणाची नसावी. तहानेने मिटलेला डोळा कित्येकदा एवढ्यानेच किलकिला होतो, आणि बारीकशी धूळ असेल तर तीही धुऊन निघते. तोंड उघडून पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. अडकलेली कात नखाने ओढू नये. काचेची बरणी उन्हात ठेवू नये. आत भट्टी होते, आणि काचेतून हवे ते किरण येतही नाहीत.

आमच्या सोलापूरकर भगिनींस याहून एक महत्त्वाची गोष्ट कळवावयाची आहे, आणि ती आम्ही त्यांस निराळ्या पत्राने त्याच दिवशी कळविली. हिंदुस्थानातील घोयऱ्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो पाळता येत नाही. असा प्राणी कोणत्याही कारणाने आपल्या हाती आला तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा अधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. परदेशी जातीच्या शॅमेलिऑनांचीही येथे, 2022 ची दुरुस्ती व 2024 चे नियम यांप्रमाणे, नोंदणी करावी लागते. आम्ही बरणी ठेविली तेव्हाही 1972 चा कायदा होताच. नागरिकशास्त्र आम्ही शिकवीत होतो, हे सांगावयास संकोच वाटतो.

पुतण्याने घोयरा आणिला त्यात त्याचा दोष नाही. दगडांतून सोडविला हे चांगलेच केले. त्याच्यावर घरात कोणी रागावू नये, आणि वनखात्यास कळविताना त्यालाच सोबत न्यावे. राज्याच्या वनखात्याचा दूरध्वनी 1926 हा आहे. नेताना पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्यास भोके पाडावीत, आत पंजाने धरता येईल अशी फांदी घट्ट बसवावी आणि खोके अंधारे ठेवावे, म्हणजे प्राणी शांत राहतो. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये. डोळा केव्हापासून मिटला, त्याने काय खाल्ले, पाणी पिताना कोणी पाहिले काय, आणि घरात डोळ्यात काही घातले असेल तर नेमके काय, हे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. शेवटची बाब लाजेने लपवू नये. पशुवैद्यास तिचा सर्वांत अधिक उपयोग होतो.

मातोश्रींनी चिरंजीवांस आज रात्रीच दूरध्वनी करून सांगावे की, कुत्र्या-मांजरांचा नव्हे, सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठ. दिव्याचे नाव व अंतर, आणि भुकटी दिली असेल तर तिचा डबा बरोबर ने. डोळे बंद असता शॅमेलिऑन भक्ष्य पाहत नाही, म्हणून खातही नाही. आठवडाभर वाट पाहण्याची ही बाब नव्हे. दिवाळीच्या पार्सलात चकल्या व अनारसे खुशाल धाडावेत. औषधाची बाटली मात्र काढून ठेवावी.