त्रिमितीची तुलना नेमकी कशाशी?

अ‍ॅपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट २०२४ च्या फेब्रुवारीत विक्रीला आला आणि त्याच महिन्यात केडीईच्या प्लाझ्मा ६ मध्ये डेस्कटॉपचा फिरता घनही परतला. ‘डेस्कटॉपला खोली द्यावी का?’ हा प्रश्न त्यामुळे आपल्या टेबलावर पुन्हा आला आहे. इंटरफेस घडवणाऱ्यांना तो नवा नाही. त्याची काही उत्तरे आधीच मिळालेली आहेत आणि ती विसरून कामाला लागणे परवडणारे नाही.

२००६ हे त्रिमितीय डेस्कटॉपच्या प्रयोगांचे भरतीचे वर्ष. नॉव्हेलमधील डेव्हिड रेव्हमन यांच्या कॉम्पिझने लिनक्सवर घनाच्या बाजूंवर वेगवेगळे डेस्कटॉप मांडले. विंडो ओढली की ती कापडासारखी लहरू लागली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये हिदेया कावाहारा यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ‘लुकिंग ग्लास’ची पहिली पूर्ण आवृत्ती त्याच वर्षाच्या अखेरीस आली. त्यात विंडो पाठमोरी वळवून तिच्या मागच्या बाजूवर टिपण लिहिता येई. टोरंटो विद्यापीठात आनंद अगरवाला आणि रवीन बालकृष्णन यांनी ‘बम्पटॉप’मध्ये आयकॉनना वजन आणि घर्षण दिले. ते फेकता येत, एकमेकांवर आदळत, त्यांचे गठ्ठे रचता येत. २०१० मध्ये गुगलने बम्पटॉप विकत घेतले आणि त्याची विक्री थांबली. लुकिंग ग्लास तर रोजच्या वापरापर्यंत पोहोचलाच नाही.

या साऱ्यातून टिकले ते पडद्यामागचे काम. पूर्वी सगळे प्रोग्राम पडद्याच्या एकाच सामायिक मेमरीत थेट चित्र काढत. वरची विंडो सरकली की खालच्या प्रोग्रामला आपला उघडा पडलेला भाग पुन्हा रंगवावा लागे. तो अडकला असेल तर तिथे पांढरा ठिपका किंवा वरच्या विंडोचा माग राही. कंपोझिटर या प्रणालीने प्रत्येक विंडोला स्वतंत्र मेमरी दिली आणि अंतिम चित्र जुळवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले. मॅकवर २००२ च्या क्वार्ट्झ एक्स्ट्रीमने हे साधले, विंडोजवर व्हिस्टाने. टास्कबारवर दिसणारे जिवंत छोटे चित्र, पारदर्शक कडा, न फाटता सरकणारी विंडो ही सगळी त्याचीच देणगी. विंडो त्रिमितीत फिरवणे ज्या यंत्रामुळे शक्य झाले, तेच आज सपाट डेस्कटॉप रोज चालवते.

मग खोलीचे काय? इथे दोन संशोधने शेजारी ठेवून वाचायला हवीत.

१९९८ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या जॉर्ज रॉबर्टसन, मेरी झेर्विन्स्की आणि सहकाऱ्यांनी ‘डेटा माउंटन’ सादर केला. पडद्यावर एक तिरका उतार. त्यावर शंभर वेबपानांची छोटी चित्रे वापरणाऱ्याने आपल्या मनाप्रमाणे मांडायची. एखादे चित्र सरकवले की आजूबाजूची आपोआप बाजूला होत. नंतर पाने शोधायला सांगितली, तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोररच्या फेव्हरिट्सपेक्षा ती इथे लवकर सापडली. काही महिन्यांनी तीच माणसे परत आली, तरी त्यांना जागा आठवत होत्या. निष्कर्ष दमदार होता आणि त्रिमितीच्या बाजूने त्याचा दाखला वर्षानुवर्षे दिला गेला.

पण तुलना झाली होती ती मजकुराच्या यादीशी. यादीत चित्रे नव्हती आणि मोकळी मांडणीही नव्हती. मग फायदा चित्रांचा, मोकळ्या जागेचा की खोलीचा? न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील अँडी कॉकबर्न आणि ब्रूस मॅकेन्झी यांनी नेमकी हीच गाठ सोडवली. २००१ मध्ये त्यांनी तशाच छोट्या चित्रांची एक सपाट आणि एक खोल अशी मांडणी तयार केली आणि दोन्हींवर तेच काम करून घेतले. वेळेत लक्षणीय फरक पडला नाही. लोकांची पसंती मात्र खोल मांडणीला होती. पुढच्या वर्षी त्यांनी पडद्याबाहेर, प्रत्यक्ष वस्तूंच्या मांडणीवरही प्रयोग केला. तिसऱ्या मितीत हालचालीची मोकळीक जितकी वाढली, तितकी कामगिरी घसरली.

हे घडते त्यामागची कारणे आपण रोज पाहतो. माउस दोन दिशांनी सरकतो, तिसरीसाठी वेगळी खूण शिकावी लागते. मागची वस्तू लहान होते आणि तिच्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत. पुढची वस्तू मागचीला झाकते. व्हिस्टाच्या ‘फ्लिप थ्रीडी’त विंडो तिरक्या रांगेत उभ्या राहत आणि पूर्ण दिसे ती फक्त सर्वांत पुढची. त्याच व्हिस्टात ऑल्ट-टॅब दाबले की सगळ्या विंडोंची छोटी चित्रे सपाट ओळींत एका नजरेत दिसत. विंडोज ८ मधून फ्लिप थ्रीडी गेले. विंडोज १० मध्ये विंडोज-टॅब ही त्याचीच कळ सपाट ‘टास्क व्ह्यू’ला मिळाली.

हेडसेटमध्ये परिस्थिती खरोखर वेगळी आहे. तिथे दोन्ही डोळ्यांना वेगळे चित्र मिळते, डोके वळवले की दृश्य वळते, हात हवेत पुढे-मागे नेता येतो. म्हणूनच जुने निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावू नयेत, आणि तपासल्याशिवाय मोडीतही काढू नयेत. व्हिजन प्रोमध्येही खोलीभर टांगलेल्या बहुतेक विंडो आजवर सपाट काचांसारख्याच आहेत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

या क्षेत्रातल्या प्रत्येक चमूकडे या मासिकाचा आग्रह एकच आहे. त्रिमितीतल्या मांडणीची चाचणी घेताना शेजारी तिचीच सपाट आवृत्ती ठेवा: तीच चित्रे, तेवढ्याच फाइली, तेच काम. फाइल सापडायला लागलेला वेळ आणि लोकांची पसंती या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा. काही आठवड्यांनी त्याच माणसांना परत बोलवा. दृश्य फिरल्याने ज्यांना गरगरते, त्यांनाही चाचणीत सामील करा आणि हालचाल बंद करण्याचा पर्याय पहिल्या आवृत्तीपासून द्या. सपाट आवृत्ती जिंकली, तर तो निकालही प्रसिद्ध करा. या मासिकात त्याला जागा मिळेल.